लोणारचा खार आणि समुद्राचा गाळ

समुद्राच्या तळाविषयी लिहिताना बुलढाणा जिल्ह्याचे नाव घेतले तर आपल्या वाचकांना नवल वाटेल. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव, उत्तन येथील ज्या कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर गेल्या, त्यांनी समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडातल्या एका गावाकडे का पाहावे, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु पाण्याखालच्या गाळाचा आणि त्या गाळावरच्या पाण्याचा परस्परांशी काय संबंध असतो, हा प्रश्न महाराष्ट्रात ज्या एका ठिकाणी दीर्घकाळ आणि चिकाटीने विचारला गेला, ते ठिकाण बुलढाणा जिल्ह्यातच आहे. ते म्हणजे लोणारचे सरोवर. तळ खरवडीत जाणाऱ्या जाळ्यांमुळे समुद्राच्या पाण्यात काय बदल होतात याचा शोध अलीकडे जगभर चालू आहे. त्या शोधातील अनेक गोष्टी लोणारचा इतिहास समजून घेतला म्हणजे सोप्या होतात, म्हणून आधी लोणारकडे जाऊ.

लोणार हे काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेले जवळजवळ वर्तुळाकार विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. कडेवर उभे राहून खाली पाहिले की दाट झाडीची कडी दिसते आणि तिच्या आत हिरवट पाण्याची थाळी. ईशान्येकडच्या उतारावर गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते आणि तिच्या आसऱ्याने जुनी मंदिरे उभी आहेत. गोडे पाणी सतत आत येत असताना खालचे सरोवर मात्र खारट आणि कडवट आहे. हे कोडे येथे आलेल्या प्रत्येक माणसाला पडले असले पाहिजे.

लोककथेने त्याचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून राहत होता. विष्णूने त्याच्या बिळावरचे झाकण उडवून दिले आणि त्याचा वध केला, तेच हे विवर. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिराचे नाव या कथेवरूनच पडले. कथा म्हणून ती बाजूला ठेवली तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या ठिकाणाचे रहस्य तळाशी, झाकणाखाली आहे, हे लोकांच्या कल्पनेनेही ओळखले होते.

लेखी पुरावा अकबराच्या काळापासून मिळतो. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण यांना लागणारे द्रव्य येथे मिळते आणि येथील खारापासून सरकारला महसूल येतो, असे तो सांगतो. म्हणजे विज्ञानाने लोणारकडे वळण्यापूर्वी दोन-अडीच शतके व्यापार तेथे पोहोचला होता. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर आणि उथळ तळावर जो थर उरे तो मजूर काढीत, वाळवीत आणि प्रतीप्रमाणे वेगळा करीत. डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रकारांची नावे जुन्या इंग्रजी नोंदींत आढळतात. ही नावे मला फार मोलाची वाटतात. कोणता थर कडक, कोणता भुसभुशीत, कशात मीठ अधिक आणि कशात सोडा अधिक, हे गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या अनाम मजुरांनी हाताने आणि जिभेने ठरविले होते. लोणारच्या गाळाचे पहिले पृथक्करण त्यांचे आहे, आणि रसायनशास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद कोणी केली नाही.

इंग्रज अधिकाऱ्यांचे लक्ष एकोणिसाव्या शतकात तेथे गेले. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. त्यानंतर जे भूशास्त्रज्ञ आले त्यांपैकी बहुतेकांना हे ज्वालामुखीचे तोंड वाटले. सारे दख्खनचे पठार लाव्हाचे असल्यामुळे असे वाटणे स्वाभाविक होते. तथापि पठाराचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि या विवराभोवती त्यानंतरच्या उद्रेकाची राख किंवा नवा लाव्हा आढळत नव्हता. १८९६ साली अमेरिकेच्या जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारशी त्याचे साम्य दाखविले. गंमत अशी की, ॲरिझोनाचे विवर उल्केच्या आघाताने झाले, हे आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. गिल्बर्ट यांनी मात्र त्या वेळी ते वाफेच्या स्फोटाने झाले असा निर्णय दिला होता.

१९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे ला टूश आणि क्रिस्टी यांनी लोणारच्या भूरचनेवर आणि तेथील सोड्यावर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. या काळातील अभ्यासकांचे मुख्य लक्ष सोडा किती निघेल आणि तो काढणे परवडेल काय याकडे होते. विवराच्या जन्माचा वाद मात्र मिटत नव्हता, कारण त्याचा पुरावा सरोवराच्या गाळाखाली गाडला गेला होता. पुढे तळाशी छिद्रे पाडून खालचा खडक वर आणला गेला, तेव्हा सुमारे शंभर मीटर गाळ भेदावा लागला. त्याखालच्या भग्न खडकात अशी खनिजे सापडली की ती न वितळताच केवळ प्रचंड आघाताने काचेसारखी झाली होती. असा आघात ज्वालामुखी देऊ शकत नाही. १९७३ साली अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून हा पुरावा प्रसिद्ध केला आणि लोणार हे बेसॉल्ट खडकातील उल्काविवर आहे हे मान्य झाले. त्याचे वय मात्र पुढेही वादाचेच राहिले. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे.

आता पाण्याच्या कोड्याकडे येऊ. लोणारला पाणी बाहेर जाण्याची वाट नाही. आत येणारे झरे आणि ओढे बेसॉल्ट झिजवून सोडियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट अत्यल्प प्रमाणात घेऊन येतात. ऊन पाणी उडवून नेते आणि विरघळलेले क्षार मागे राहतात. पाणी दाट होऊ लागले की प्रथम कॅल्शियम चुन्याच्या रूपाने तळाशी बसतो. त्याच्याबरोबर काही कार्बोनेट जाते, परंतु बेसॉल्टवरून आलेल्या पाण्यात कार्बोनेट कॅल्शियमच्या मानाने अधिक असल्यामुळे ते पुष्कळसे शिल्लक राहते आणि त्याची जोडी सोडियमशी जमते. हाच धुण्याचा सोडा. शेतकरी माती तपासून घेतात तेव्हा अहवालात ‘सामू’ हा शब्द असतो. तो सातच्या वर गेला की अल्कधर्म, खाली आला की आम्लधर्म. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास असतो, लोणारचा दहाच्या जवळपास आढळला आहे. आकड्यात फरक दोनाहून कमी दिसतो खरा, पण सामूच्या मापात प्रत्येक अंक दहापटीचा असतो.

अशा पाण्यात मासेमारीचा धंदा उभा राहणे शक्यच नव्हते. त्यात जगतात ते सूक्ष्म जीव. सरोवराला हिरवा रंग देणारे नीलहरित शैवाल वरच्या थरात वाढते, मरते आणि खाली बसते. ते कुजताना तळाजवळचा प्राणवायू संपतो. प्राणवायू नसलेल्या त्या काळ्या चिखलात किडे-कृमी वळवळत नाहीत, म्हणून वर्षावर्षाचा गाळ जसा बसेल तसाच राहतो. कोणी तो नांगरत नाही आणि उलटासुलटा करीत नाही.

त्या शांततेचे मोल २००८ साली कळले. त्या वर्षी जर्मनीतील पॉट्सडामची भूविज्ञान संस्था, नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि त्यांचे सहकारी यांनी सरोवराच्या मध्यभागी, सुमारे पाच मीटर पाण्याखालच्या तळात नळ्या खुपसून गाळाचा स्तंभ अखंड वर काढला. सुमारे दहा मीटर लांबीच्या त्या स्तंभात जवळजवळ ११ हजार वर्षांची नोंद निघाली. कोणत्या थरात कोणत्या वनस्पतींचे अवशेष आहेत, कोणते खनिज आहे, कार्बनचे स्वरूप काय आहे, यावरून त्या त्या काळी पाऊस कसा होता हे अभ्यासकांनी वाचले. त्यात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक दोन पट्ट्यांत आढळले. पाणी अतिशय आटून क्षार फार दाट झाल्याशिवाय हे खनिज तयार होत नाही. पहिला पट्टा सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. हे दोन्ही मध्य भारतातील दीर्घ अवर्षणाचे काळ होत, असा निष्कर्ष सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडला. पहिले अवर्षण सिंधू संस्कृतीची नगरे ओस पडू लागण्याच्या सुमारास येते. इतिहासकार त्यावर आपसांत भांडोत बापडे. आपल्यापुरते एवढेच की, ही कालगणना वाचता आली ती गाळ जागेवरून हलला नव्हता म्हणून.

हलला असता तर? या प्रश्नाचे उत्तर लोणारमध्ये मिळत नाही, समुद्रात मिळते.

आपल्या वसई-उत्तनच्या कोळ्यांचे डोल जाळे खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभे असते आणि बोंबील, जवळा आपण होऊन त्यात शिरतात. ट्रॉल जाळ्याची रीत वेगळी. पिशवीसारखे जाळे बोटीमागून ओढले जाते, त्याचे तोंड दोन जड फळ्या उघडे ठेवतात आणि खालचा वजनदार दोर तळावरून घासत जातो. कोळंबी तळाच्या चिखलात दडलेली असते, तिला उठवून जाळ्यात घेण्यासाठी तळ खरवडणे हाच या जाळ्याचा गुण आहे. अर्थात जे जागे होते ती केवळ कोळंबी नव्हे.

या जाळ्याविरुद्धची तक्रार फार जुनी आहे. १३७६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे असा अर्ज आला होता की, नव्या धर्तीचे एक लांब आणि जड जाळे समुद्रतळावरची वनस्पती आणि कालवांची पिल्ले नष्ट करीत आहे, त्याला मनाई व्हावी. भारतात यांत्रिक ट्रॉलिंगचा प्रसार झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५२ साली भारत-नॉर्वे करार झाला आणि पुढल्या वर्षी केरळात कोल्लमजवळ नीणकरा येथे प्रकल्पाचे काम सुरू झाले. हेतू मच्छीमारांचे जीवनमान सुधारण्याचा होता. कोळंबीला परदेशी बाजार मिळाल्यावर मात्र ट्रॉलरांची संख्या वाढत गेली आणि किनाऱ्याजवळचे समुद्रही त्यांनी व्यापले. गोव्यात रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात याविरुद्ध मोठा लढा दिला. त्यांत किनाऱ्यावरची ख्रिस्ती कुटुंबे बहुसंख्येने होती आणि मातानी साल्ढाणा हे त्यांचे एक अग्रणी होते. त्या लढ्यानंतर गोव्यात १९८० साली आणि महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. रापणकारांचा वाद मासे कोणाच्या वाट्याला येतात याविषयी होता, पण तळ खरवडला जातो आणि पाणी गढूळते हेही ते सांगत असत. शास्त्राने या दुसऱ्या म्हणण्याकडे वळण्यास बराच अवधी घेतला.

तो अभ्यास कसा करतात? कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी गुजरातच्या वेरावळ किनाऱ्याजवळ ट्रॉल फिरविण्यापूर्वी आणि फिरविल्यानंतर तळाच्या गाळाचे नमुने घेऊन त्यांतील कणांचा आकार आणि सेंद्रिय द्रव्य यांची तुलना केली. ते काम २०१० साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या बाजूने पाश्चात्त्य अभ्यासकांनी कार्बनचा हिशेब मांडला. समुद्रातील मृत जीव तळाशी बसतात, त्यांच्यातील कार्बन गाळात पुरला जातो आणि तेवढा कार्बन डायऑक्साइड वातावरणापासून दूर राहतो. गाळ ढवळला की प्राणवायू त्याला भेटतो आणि पुरलेले पुन्हा कुजू लागते. २०२१ साली ‘नेचर’ नियतकालिकातील एका लेखाने यातून दरवर्षी पाण्यात मिसळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा फार मोठा अंदाज दिला. २०२३ साली त्याच नियतकालिकात अन्य शास्त्रज्ञांनी तो अवास्तव असल्याचे सांगितले, कारण वरवर ढवळलेला गाळ बहुधा पुन्हा खाली बसतो आणि त्यातील जुना कार्बन सहजी कुजणारा नसतो. माझ्या मते ही टीका वजनदार आहे आणि तो मोठा आकडा सभेत फेकण्याच्या योग्यतेचा नाही.

परंतु याच वादातून एक वेगळी गोष्ट पुढे आली, आणि येथे लोणारचा खार आपल्या मदतीला येतो. प्राणवायूविना राहिलेल्या चिखलात काही जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटचा उपयोग श्वसनासाठी करतात. त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निर्माण होतो, त्याची लोहाशी गाठ पडते आणि शेवटी पायराइट हे लोह व गंधक यांचे खनिज तयार होऊन गाळात बसते. या क्रियेत पाण्याची अल्कता वाढते, म्हणजे पाण्याच्या पदरात थोडा अधिक खार पडतो. हा खार कार्बन डायऑक्साइडला बायकार्बोनेटच्या रूपात धरून ठेवतो, त्याला हवेत जाऊ देत नाही. लोणारच्या पाण्यात कार्बोनेट दाटून राहिले आहे ते खाराच्या याच गुणामुळे, फक्त समुद्रात सारे सौम्य प्रमाणात असते.

ट्रॉलची फळी त्या चिखलातून गेली की पायराइट वर येते, प्राणवायूशी संयोग पावते आणि गंधकाम्ल निर्माण होते. आम्ल खाराला मारते, बायकार्बोनेट फुटते आणि कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. घरात खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले की जो फेस येतो, तीच ही क्रिया. जर्मनीच्या कील येथील संशोधकांनी बाल्टिक समुद्राच्या कील उपसागरातील चिखल प्रयोगशाळेत ढवळून पाहिला. त्यांचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. मोकळ्या होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमागे सेंद्रिय द्रव्याच्या कुजण्यापेक्षा पायराइटचे हे जळणे महत्त्वाचे आहे, असे त्यांना दिसले. वाळूच्या तळात पायराइट फारसे नसते. हानी होते ती मऊ, काळ्या चिखलाची. कोळंबीची आवडती जागाही नेमकी तीच.

आपला पश्चिम किनारा या बाबतीत नाजूक आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर खोलातील प्राणवायूहीन पाणी उथळ भागाकडे सरकते. गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास या उथळ समुद्राच्या तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो आणि काही ठिकाणी गंधकाचा विषारी वायू पाण्यात येतो. म्हणजे आपल्या दारातल्या समुद्राचा तळ वर्षातून काही आठवडे लोणारच्या तळासारखा होतो. पावसाळ्यातील मासेमारीबंदी उठून ट्रॉलर पाण्यात उतरतात ते याच सुमारास.

अशा अभ्यासातील मोठी अडचण तुलनेची असते. खरवडलेल्या तळाचे काय झाले हे सांगायचे तर शेजारी कधीही न खरवडलेला तळ हवा. उत्तर समुद्रात बुडालेल्या जहाजांच्या आसपास किंवा पवनचक्क्यांच्या कुंपणात असा तळ शोधावा लागतो. आपल्याकडे ट्रॉलर साठ वर्षांहून अधिक काळ फिरत आहेत. गुजरातपासून केरळपर्यंतच्या उथळ चिखलात ‘पूर्वी’ म्हणून दाखविता येईल असा तुकडा काढणे सोपे नाही. लोणारच्या बाबतीत तसा ‘पूर्वी’ शंभर मीटर जाडीचा शिल्लक आहे.

तो किती काळ अबाधित राहील हे मात्र पाण्यावर अवलंबून आहे. जून २०२० मध्ये सरोवर अचानक गुलाबी झाले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की, पाणी आटून क्षार वाढल्यामुळे मीठप्रिय सूक्ष्म जीव माजले आणि त्यांच्या रंगद्रव्याने हा रंग आला. नमुना स्थिर ठेवला की ते जीव तळाशी बसत आणि पाणी निवळे. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. गावाचे सांडपाणी विवरात उतरते ही तक्रार त्याच्या कितीतरी आधीपासूनची. त्यानंतरच्या वर्षांत उलटेच घडले: गोड्या पाण्याची आवक वाढून सरोवराची पातळी चढू लागली. गोडे पाणी वाढले की खार पातळ होतो, सामू उतरतो. वरच्या पाण्यातील प्राणवायू तळापर्यंत पोहोचू लागला तर अकरा हजार वर्षे निजलेल्या त्या चिखलाला पहिल्यांदाच वळवळणारे रहिवासी मिळतील आणि थरांची सरमिसळ व्हायला ट्रॉलची गरजही उरणार नाही.